औषध आत कोण घेतं, बाहेर कोण काढतं? ट्रान्सपोर्टर आणि सेल सिग्नलिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात औषधशास्त्र शिकवते आणि कॉलेजच्या छोट्या प्रयोगशाळेत पेशींवर काम करते. एम.फार्म.ची मुलं, मेडिकल चालवणारे जुने विद्यार्थी, सिव्हिलच्या ओपीडीबाहेरून फोन करणारे नातेवाईक यांच्याकडून तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतात. ते आले तसे इथे ठेवले आहेत, फक्त नावं काढली आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. दोन प्रश्न एकमेकांत अडकतात तिथे क्रमांक दिला आहे.

एक विनंती आधीच करते. हे वाचून स्वतःची कुठलीही गोळी बंद करू नका, वाढवू नका, कमी करू नका. शंका आली तर ती कागदावर लिहा आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

१. गोळी गिळली की औषध रक्तात जातं आणि अंगभर पोहोचतं. मग हा ट्रान्सपोर्टर मध्येच कुठून आला?

प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. लहान आणि तेलात विरघळणारे रेणू त्यातून आपसूक झिरपतात. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनसारख्या औषधाला ते जमत नाही, कारण शरीरात त्याच्यावर विद्युतभार असतो आणि भारित रेणू तेलाच्या थराला ओलांडत नाही. त्याला आत घ्यायला आवरणात बसलेलं एखादं प्रथिन लागतं. या प्रथिनांना ट्रान्सपोर्टर म्हणतात. काही ट्रान्सपोर्टर आत घेतात, काही बाहेर काढतात.

त्यांची दोन मोठी घराणी आहेत. एसएलसी घराण्यात माणसाची ४०० हून जास्त जनुकं आहेत, एबीसी घराण्यात ४८. एबीसीवाले एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करून बहुतेक वेळा माल बाहेर टाकतात. परीक्षेसाठी ‘एसएलसी म्हणजे आत, एबीसी म्हणजे बाहेर’ असं पाठ करणाऱ्यांना मी दरवर्षी थांबवते. मूत्रपिंडातला ‘मेट’ हा ट्रान्सपोर्टर एसएलसी घराण्यातला आहे आणि त्याचं काम औषध लघवीत बाहेर सोडण्याचं आहे.

ही प्रथिनं औषधांसाठी जन्माला आलेली नाहीत. साखर, पित्तातली आम्लं, युरिक आम्ल, जीवनसत्त्वं यांची ने-आण हे त्यांचं मूळ काम. औषधं त्याच वाटेने जातात. म्हणून आतडं, यकृत, मूत्रपिंड, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आणि गर्भवतीची वार या जागांवर आमचं सगळ्यात जास्त लक्ष असतं.

२. पी-जीपी, पी-जीपी सारखं ऐकतो. त्यात एवढं विशेष काय?

१९७६ साली कॅनडातल्या टोरांटोत ज्युलियानो आणि लिंग हे दोघे चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशींवर काम करत होते. गाउटवर जे कोल्चिसिन देतात, त्याला या पेशी दाद देईनाशा झाल्या होत्या. विचित्र गोष्ट अशी, की कोल्चिसिनशी रासायनिक नातं नसलेल्या इतर औषधांनाही त्या पुरून उरत होत्या. या पेशींच्या पृष्ठभागावर सुमारे १,७०,००० डाल्टन वजनाचं एक साखरयुक्त प्रथिन भरपूर प्रमाणात सापडलं. तेच पी-ग्लायकोप्रोटीन, थोडक्यात पी-जीपी. आवरणाची पारगम्यता, म्हणजे परमिअॅबिलिटी, त्यामुळे बदलत असावी असं तेव्हा वाटलं. नावातला ‘पी’ तिथून आला. ते प्रत्यक्षात एटीपीवर चालणारा पंप आहे हे नंतर स्पष्ट झालं.

रोजच्या वापरातलं उदाहरण म्हणजे जुलाबावरची लोपेरामाइड. ती अफूजन्य औषधांच्याच गटात बसते, तरी नेहमीच्या मात्रेत गुंगी येत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात बसलेलं पी-जीपी तिला आत शिरताच परत रक्तात ढकलतं. ही राखण अमर्याद नाही. मात्रेपेक्षा खूप जास्त गोळ्या घेतल्या तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो.

एटीपीचा विषय निघाला की मी वर्गात यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचं नाव घेतेच. आंध्रातल्या भीमवरमला १८९५ मध्ये जन्मलेला हा माणूस १९२० च्या दशकात अमेरिकेत फिस्के यांच्यासोबत स्नायूंमधल्या फॉस्फरसच्या संयुगांवर काम करत होता. फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपीच्या शोधाशी त्यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे. पुढे त्यांच्याच चमूच्या कामातून मेथोट्रेक्सेट आलं. आज आपण प्रयोगशाळेत पाहतो, की पी-जीपीचे भाऊबंद एटीपी जाळून मेथोट्रेक्सेटला पेशीबाहेर काढतात. पंपाचं इंधन आणि त्या पंपातून बाहेर पडणारं औषध, दोन्हींच्या इतिहासात एकच माणूस आहे. पूर्व भागात तेलुगू घरांतून आलेल्या मुली हे ऐकताना सावरून बसतात, आणि मला ते फार आवडतं.

३. आयव्हरमेक्टिन आम्ही गुरांना बिनधास्त देतो. मग काही कुत्र्यांना ते विषासारखं का लागतं?

हा प्रश्न गावाकडच्या पशुपालकांकडून येतो आणि पी-जीपी समजायला याहून चांगलं उदाहरण नाही. कॉली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये पी-जीपीच्या जनुकात चार अक्षरं गळालेली असतात. त्यामुळे पंप तयारच होत नाही. मग आयव्हरमेक्टिन हे जंत-किडींवरचं औषध मेंदूत साचतं आणि कुत्रं थरथरतं, लाळ गाळतं, बेशुद्ध पडतं.

उंदरांमध्ये हे आधीच दिसलं होतं, तेही योगायोगाने. अॅमस्टरडॅममध्ये शिंकेल आणि सहकाऱ्यांनी पी-जीपीचं एक जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. उंदीर धडधाकट होते. मग प्राणिगृहात गोचिडीसारख्या किडींसाठी आयव्हरमेक्टिनची फवारणी झाली आणि नेमके तेच उंदीर मेले. १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. जनुक असलेल्या उंदरांच्या मानाने ते या औषधाला सुमारे १०० पट हळवे होते.

तुमच्याकडे धनगरी कुत्रं असो की विकत आणलेलं जातिवंत, गुरांच्या बाटलीतलं औषध अंदाजाने कुत्र्याला देऊ नका. पशुवैद्यकांना विचारा.

४. सेल सिग्नलिंग हा वेगळा विषय आहे ना? ट्रान्सपोर्टरबरोबर का शिकवता?

पुस्तकात धडे वेगळे असतात, पेशीत नाही.

आधी सिग्नलिंग म्हणजे काय ते पाहू. अॅड्रेनलिन पेशीत शिरत नाही. ते बाहेरून कडी वाजवतं. कडी म्हणजे आवरणातला रिसेप्टर. आवाज आत पोहोचला की जी-प्रथिन जागं होतं, एक एंझाइम सायक्लिक एएमपी बनवू लागतं आणि बाहेरच्या एका रेणूचा निरोप आत हजारो रेणूंपर्यंत जातो. यकृतात साखर कशी सुटते हे पाहताना अर्ल सदरलँड यांना सायक्लिक एएमपी सापडलं. त्यासाठी १९७१ चं नोबेल मिळालं. दम्याच्या पंपातलं सालब्युटामोल याच वाटेने श्वासनलिकेचे स्नायू सैल करतं. माणसात असे जी-प्रथिनाशी जोडलेले सुमारे ८०० रिसेप्टर आहेत, आणि मंजूर औषधांपैकी साधारण एक तृतीयांश औषधं त्यांच्यावर काम करतात.

आता दोन्ही धडे कुठे मिळतात ते. इन्सुलिन स्नायूच्या पेशीची कडी वाजवतं. आत पीआय-३ कायनेज, मग एकेटी, या फॉस्फेट लावणाऱ्या एंझाइमांमधून (त्यांना कायनेज म्हणतात) निरोप पुढे सरकतो. त्या निरोपामुळे पेशीच्या पोटात पिशव्यांमध्ये ठेवलेले ग्लूट-४ ट्रान्सपोर्टर आवरणापर्यंत येऊन बसतात. साखर तेव्हा आत जाते. निरोप पोहोचला नाही तर ट्रान्सपोर्टर घरात असूनही दाराशी येत नाही. टाइप २ मधुमेहात बिघाड असतो तो बऱ्याच अंशी इथे. चालताना स्नायू आकुंचन पावतात तेव्हा एएमपीकेसारख्या वेगळ्या वाटेने ग्लूट-४ आवरणावर येतो. त्यामुळे इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसतानाही चालण्याने साखर उतरते. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने सकाळी फेऱ्या मारणाऱ्या काकांना मी हेच सांगते, ग्लूट-४ हे नाव न घेता.

५. मधुमेहाच्या नव्या गोळीने साखर लघवीतून जाते म्हणतात. ते चांगलं कसं? आणि उपवासाला चालते का?

मूत्रपिंड रोज सुमारे १८० ग्रॅम साखर गाळतं आणि जवळजवळ सगळी परत घेतं. त्यातली ९० टक्क्यांच्या आसपास साखर एसजीएलटी-२ या ट्रान्सपोर्टरमधून परत येते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या त्याला अडवतात. कल्पना जुनी आहे. १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन वेगळं काढलं गेलं होतं आणि त्याने लघवीत साखर येते हे त्याच शतकात लक्षात आलं. औषध व्हायला मात्र २०१२ साल उजाडलं. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं आणि गोळी कितीतरी लोकांच्या आवाक्यात आली. हृदय आणि मूत्रपिंड यांनाही या गटाचा फायदा होतो, तो मोठ्या चाचण्यांमध्ये सिद्ध झालेला आहे.

उपवासाचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात फार महत्त्वाचा आहे, कारण आषाढीला घरोघरी उपवास असतो आणि कितीतरी जण वारीत चालत असतात. या गोळ्यांवर असताना पोटात अन्न नसेल, पाणी कमी पडलं असेल किंवा उलट्या-जुलाब सुरू असतील, तर रक्तात कीटोन आम्लं साठू शकतात. मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही, म्हणून धोका लक्षात येत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागणं ही लक्षणं दिसली तर थांबू नका, दवाखाना गाठा. लांबच्या उपवासाआधी, वारीआधी आणि ऑपरेशनआधी ही गोळी किती दिवस बंद ठेवायची हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

मेटफॉर्मिनचं उत्तर छोटं आहे. ते यकृतात ओसीटी-१ मधून शिरतं, मूत्रपिंडात ओसीटी-२ आणि मेटमधून बाहेर पडतं, आणि त्याचं शरीरात विघटन होत नाही. म्हणून त्याची मात्रा मूत्रपिंडाच्या रिपोर्टवर ठरते.

६. टीबीची औषधं सुरू झाली की बाकीच्या गोळ्या लागू पडत नाहीत असं डॉक्टर म्हणाले. हे खरं आहे का?

खरं आहे. लघवी केशरी करणारं रिफाम्पिसिन याला कारणीभूत आहे. ते पेशीत शिरून पीएक्सआर नावाच्या रिसेप्टरला चिकटतं. हा रिसेप्टर आवरणावर नसून पेशीच्या आत असतो आणि थेट जनुकांवर जाऊन काम सुरू करतो. परिणामी औषधं मोडणारी एंझाइम वाढतात आणि आतड्यातलं पी-जीपीही वाढतं. म्हणजे इथेही सिग्नलिंगच ट्रान्सपोर्टरची संख्या ठरवतं (प्रश्न ४ पाहा).

जर्मनीत स्वयंसेवकांवर केलेल्या एका सुंदर अभ्यासात रिफाम्पिसिनने आतड्यातलं पी-जीपी सरासरी साडेतीन पट वाढलं आणि तोंडावाटे दिलेल्या डिगॉक्सिन या हृदयावरच्या औषधाची रक्तातली पातळी घसरली. तेच डिगॉक्सिन शिरेतून दिलं तेव्हा फरक बराच कमी होता. घोटाळा आतड्याच्या दारात होता, हे या एका तुलनेतून कळलं.

हा परिणाम पूर्ण चढायला एक-दोन आठवडे लागतात आणि रिफाम्पिसिन थांबल्यावर उतरायलाही साधारण तितकेच. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, एचआयव्हीचं डोल्युटेग्राव्हिर, सगळ्यांवर परिणाम होतो. डोल्युटेग्राव्हिर अशा वेळी दिवसातून दोनदा देतात. टीबीची औषधं थांबवणं हा यावरचा उपाय नाही, ती पूर्ण करायचीच. आधीपासून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवायच्या.

७. रिफाम्पिसिनचा पहिला डोस उलटं वागतो असं सेमिनारमध्ये ऐकलं. गोंधळ झाला.

गोंधळ वेळेचा आहे. जनुकं जागी होऊन नवं प्रथिन बनायला दिवस लागतात. पण रिफाम्पिसिनचा रेणू यकृताच्या दारातल्या ओएटीपी-१बी-१ या ट्रान्सपोर्टरला लगेच अडवतो. पहिल्या डोसबरोबर कोलेस्टेरॉलवरचं अॅटोरव्हास्टॅटिन हे स्टॅटिन दिलं तर ते यकृतात शिरू शकत नाही आणि रक्तातली पातळी कित्येक पट चढते. दोन आठवड्यांनी एंझाइम वाढलेली असतात आणि तीच पातळी घसरते. म्हणून नवीन औषधांच्या चाचण्यांत ओएटीपी अडवण्यासाठी रिफाम्पिसिनचा एकच डोस देतात, आणि एंझाइम वाढवायची असतील तर तो रोज कित्येक दिवस. पेपर वाचताना ‘किती दिवस दिलं’ हा आकडा आधी शोधा.

८. आमची डाळिंबाची बाग आहे. औषधांबरोबर डाळिंबाचा रस चालतो का? ग्रेपफ्रूटसारखा त्रास होतो असं कोणीतरी पाठवलंय.

सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथेच केगावला आहे, त्यामुळे हा प्रश्न मला दर हंगामात येतो. मी तो मनापासून घेते, कारण प्रयोगशाळा आणि माणूस यांतला फरक इतका नेमका दाखवणारी उदाहरणं थोडी आहेत.

परीक्षानळीत डाळिंबाच्या रसाने औषध मोडणारं सीवायपी-३ए हे एंझाइम अडवलं. उंदरांना रस पाजला तेव्हा फिट्सवरच्या कार्बामाझेपिनची पातळी वाढली. फिरणारा मेसेज इथेच थांबतो. पुढे निरोगी माणसांना रस देऊन, त्याच एंझाइमची कसोटी मानलं जाणारं मिडॅझोलॅम देऊन पाहिलं, तेव्हा पातळीत फरक पडला नाही. रसातला घटक माणसाच्या आतड्यात पुरेशा प्रमाणात, पुरेसा वेळ टिकतो की नाही, हे नळी सांगू शकत नाही.

ग्रेपफ्रूटचं तसं नाही. तिथे माणसांमधला परिणाम पक्का आहे. आपल्याकडचं पपनस त्याच्या जवळचं. किडनी बदललेल्या आणि टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या माणसाने पपनसापासून दूरच राहावं.

फळांच्या रसाचा उलटा परिणामही असतो आणि तो खास ट्रान्सपोर्टरचा आहे. अॅलर्जीवरचं फेक्सोफेनाडिन आतड्यातून आत घ्यायला ओएटीपी मदत करतात. संत्रं, सफरचंद आणि ग्रेपफ्रूटचा रस त्यांना अडवतो. मग औषध कमी शोषलं जातं आणि शिंका चालूच राहतात. ही गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या.

९. स्टॅटिनने मलाच स्नायू दुखतात, भावाला काहीच होत नाही. गोळी तीच, मात्रा तीच.

वर आलेल्या ओएटीपी-१बी-१ च्या जनुकात, एसएलसीओ-१बी-१ मध्ये, एका अक्षराचा फरक काही लोकांत असतो. २००८ साली सिम्व्हास्टॅटिन ८० मि.ग्रॅ. घेणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात, या फरकाची एक प्रत असणाऱ्यांत स्नायूविकाराची शक्यता सुमारे साडेचार पट आणि दोन प्रती असणाऱ्यांत सुमारे १७ पट आढळली. औषध यकृतात कमी शिरतं, रक्तात जास्त राहतं, स्नायूंना जास्त मिळतं. हा सगळा आकडा मोठ्या मात्रेचा आहे. तुमच्या दुखण्याला थायरॉइड, ड-जीवनसत्त्व किंवा दुसरी एखादी गोळीही कारण असू शकते. डॉक्टर सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) तपासतील आणि मात्रा किंवा स्टॅटिन बदलतील.

१०. कॅको-२ पेशी कॅन्सरच्या आहेत. त्यांच्यावरून निरोगी आतड्याबद्दल कसं काय बोलता?

योग्य शंका आहे. या पेशी १९७० च्या दशकात एका माणसाच्या मोठ्या आतड्यातल्या गाठीतून वेगळ्या काढल्या. पण जाळीदार पडद्यावर त्यांना सुमारे २१ दिवस वाढू दिलं, की त्या एकमेकींना घट्ट चिकटून एकच थर करतात, वरच्या बाजूला बारीक लव येते, आणि वागणं बरंचसं लहान आतड्याच्या अस्तरासारखं होतं. मग वरून औषध घालून खाली किती उतरलं ते मोजायचं आणि उलटही.

थर घट्ट आहे का हे टीईईआर मीटरने तपासतात, म्हणजे थरातून जाणाऱ्या विजेला किती अडथळा होतो ते. मुलांना मी चादरीवरून समजावते. चादर उजेडाकडे धरली आणि पलीकडचं दिसलं, तर वीण सैल आहे. टीईईआर पडला की वीण सैल. औषध पेशींमधून गेलेलं नाही, पेशींच्या फटीतून गेलेलं आहे, आणि तुमचा सगळा आकडा त्या फटीचा आहे. ल्युसिफर यलो हा रंग सोबत घालून खात्री करा.

उणिवाही सांगते. या पेशींत सीवायपी-३ए-४ फारच कमी असतं. आतड्यातला श्लेष्म नसतो. पी-जीपीचं प्रमाण पासेज (पेशी नव्या भांड्यात वाढवण्याची प्रत्येक फेरी) वाढत जाईल तसं बदलतं. म्हणून पासेज क्रमांक वहीत लिहिला नसेल तर मी तो निकाल पाहत नाही.

११. एफ्लक्स रेशो ३.४ आला. औषध पी-जीपीचं सबस्ट्रेट आहे असं थिसिसमध्ये लिहू का?

अजून नाही. सबस्ट्रेट म्हणजे त्या पंपातून जाणारं औषध. खालून वर जाणारा वेग भागिले वरून खाली जाणारा वेग २ किंवा जास्त आला, तर कुठला तरी पंप काम करतोय एवढंच कळतं. कॅको-२ मध्ये बीसीआरपी आणि एमआरपी-२ हे दुसरे पंपसुद्धा आहेत. पी-जीपी अडवणारं औषध घालून रेशो निम्म्याहून जास्त उतरतो का ते पाहा. व्हेरापामिल वापरत असाल तर ते फक्त पी-जीपीवर काम करत नाही हे ध्यानात ठेवा. दुसरा एखादा इनहिबिटर जोडीला हवा. दोन्ही बाजूंचं आणि पेशींतलं औषध मिळून टाकलेल्या औषधाशी हिशेब जुळतो का तेही पाहा. तेलकट रेणू प्लॅस्टिकला चिकटून बसतात.

एमडीसीके पेशी वापरल्या असतील तर आणखी एक पाऊल लागतं. त्या १९५८ साली एका कॉकर स्पॅनिएल कुत्र्याच्या मूत्रपिंडातून आल्या, त्यांच्यात कुत्र्याचं स्वतःचं पी-जीपी असतं. माणसाचं जनुक न घातलेल्या पेशी शेजारी चालवा आणि त्यांच्या रेशोने भागून काय उरतं ते लिहा.

रेशो १ आला म्हणून ‘सबस्ट्रेट नाही’ असंही लिहू नका. मात्रा जास्त असेल तर पंप भरून जातो. रेणू आवरणातून फार वेगाने झिरपत असेल तर पंपाने बाहेर टाकलेला लगेच परत येतो. व्हेरापामिल स्वतः असंच फसवतं. आणि कॅल्सीन-एएम या चमकणाऱ्या रंगाचा प्रयोग ‘अडवतं का’ ते सांगतो, ‘पंपातून जातं का’ ते सांगत नाही. इनहिबिटर आणि सबस्ट्रेट हे दोन वेगळे शब्द आहेत.

१२. मॅडम, औषध दिलं की पी-३८ चमकतं. वेस्टर्न ब्लॉट तीनदा केला, तीनदा आलं. आता तरी मानायचं ना?

हा प्रश्न आमच्याच प्रयोगशाळेत उभा राहिला होता, मे महिन्यात. वेस्टर्न ब्लॉट म्हणजे पेशीतलं एखादं प्रथिन किती आहे ते पट्ट्यांवर दाखवणारी चाचणी. पी-३८ हे ताणाला दाद देणारं कायनेज आहे, त्याला फॉस्फेट लागलं की पेशी संकटात आहे असं समजायचं. आम्ही तपासत असलेल्या वनस्पतीच्या अर्काने ते ठळक येत होतं आणि आम्ही आनंदात होतो. मग एका विद्यार्थिनीने औषध न घातलेल्या प्लेटचा मेमधला ब्लॉट जानेवारीच्या ब्लॉटशेजारी ठेवला. औषध न दिलेल्या पेशींतही पी-३८ मेमध्ये वर होतं.

कारण घरातच होतं. सीओ-टू इनक्युबेटर तापवतो, गार करत नाही. आत ३७ अंश ठेवायचे तर बाहेरची खोली त्याहून निदान पाच अंश थंड हवी. रात्री वीज गेली, एसी बंद राहिला, जनरेटरवर फक्त इनक्युबेटर चालू होता आणि सोलापूरच्या मेमध्ये बंद खोली चाळिशीला टेकली. पेशी सकाळपर्यंत तापात होत्या. अर्क घालण्याआधीच त्या ओरडत होत्या. तीन महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. दोष आमचा होता. तापमानाची नोंद आम्ही फक्त दिवसा करत होतो. आता आत-बाहेर दोन नोंदणारे थर्मामीटर रात्रभर चालतात आणि एसीही जनरेटरवर आहे.

तीनदा आलं म्हणजे खरं, असं नाही. तिन्ही वेळा एकच चूक होऊ शकते. न दिलेल्या पेशी, फक्त डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतात तो द्रव) दिलेल्या पेशी, आणि एकूण पी-३८ विरुद्ध फॉस्फेट लागलेलं पी-३८, हे प्रत्येक ब्लॉटवर हवं. पेशी फोडताना बर्फ आणि फॉस्फटेज अडवणारं मिश्रण विसरलात, तर मात्र खरा निकालही पुसला जाईल. आणि वेळ एकच घेऊ नका. सिग्नल ५ मिनिटांत चढून ३० मिनिटांत उतरलेला असू शकतो.

१३. ट्रान्सपोर्टरचं एमआरएनए चार पट वाढलं. पंप चार पट वाढला असं म्हणू ना?

नाही. एमआरएनए म्हणजे काढलेली ऑर्डर. प्रथिन बनलं का, आवरणापर्यंत पोहोचलं का, आणि काम करतंय का, हे तीन प्रश्न उरतात. ग्लूट-४ चं उदाहरण (प्रश्न ४) आठवा. आवरणाचा भाग वेगळा करून ब्लॉट करा आणि ऱ्होडामिन-१२३ हा चमकणारा रंग बाहेर टाकण्याचा वेग मोजा.

१४. सोलापुरात राहून हे काम होतं का, की पुण्याला जावंच लागतं?

बरंच होतं. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या भांडारातून मागवता येतात. द्रव नायट्रोजन मिळत नाही अशी तक्रार येते. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी लागणारा नायट्रोजन तोच असतो, पुरवठा जिल्ह्यात आहे, चौकशी करा.

पेशींची सोय नसेल तर आतड्याची उलटी पिशवी करा. विल्सन आणि वाइझमन यांनी १९५४ मध्ये दाखवलेली ही पद्धत अजून चांगली आहे. लहान आतड्याचा तुकडा आतून बाहेर उलटायचा, दोन्ही टोकं बांधायची, ऑक्सिजन सोडलेल्या ३७ अंशांच्या बफरमध्ये ठेवायचा. खाटकाकडून बोकडाचं ताजं आतडं आणलं तर वेगळा प्राणी मारावा लागत नाही. पण कापल्यापासून थंड बफरमध्ये टाकेपर्यंत मिनिटं मोजा. ऊती फार तर दोन तास नीट टिकते. हे आतडं बोकडाचं आहे, माणसाचं नाही, हे निष्कर्षात स्पष्ट लिहा. एलसी-एमएस, म्हणजे औषधाचं अगदी कमी प्रमाण मोजणारं यंत्र, त्यासाठी मात्र नमुने मोठ्या शहरात पाठवावे लागतात. कोरड्या बर्फाची सोय आणि गाडीची वेळ आधी ठरवा.

उंदरांवर काम करायचंच असेल तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आधी लागते. ‘नंतर घेऊ’ हे चालत नाही, आणि चालू नये.

१५. पी-जीपीमुळे कॅन्सरची औषधं बाहेर फेकली जातात, तर पी-जीपी बंद करून टाका की!

१९८१ मध्ये जपानच्या त्सुरुओ यांनी दाखवलं, की व्हेरापामिल दिल्यावर दाद न देणाऱ्या ल्युकेमिया पेशींवर व्हिन्क्रिस्टिन पुन्हा चालतं. तेव्हापासून हाच प्रयत्न सुरू होता. व्हेरापामिल लागेल इतकं दिलं तर हृदय बिघडतं. नंतर आलेल्या व्हाल्स्पोडारने कॅन्सरच्या औषधांचा निचराच मंदावला, त्यांची मात्रा कमी करावी लागली. तारिकिदार त्याहून नेमकं होतं, तरी चाचण्यांत रुग्णांचा भरवशाचा फायदा दिसला नाही. या कामासाठी एकही औषध आजवर मंजूर झालेलं नाही.

गाठीत एकच पंप नसतो, बीसीआरपी आणि एमआरपी असतातच. शिवाय तोच पंप मेंदू, आतडं आणि वार यांची राखण करतो (प्रश्न २ आणि ३). सिग्नलिंग अडवणारी नवी औषधंही यातून सुटलेली नाहीत. २००१ मध्ये मंजूर झालेलं इमॅटिनिब कॅन्सरचं बीसीआर-एबीएल कायनेज अडवतं, पण मेंदूच्या दारावर पी-जीपी आणि बीसीआरपी त्याला परत पाठवतात.

१६. वडिलांचं क्रिएटिनिन गोळ्या सुरू झाल्यावर १.० वरून १.३ झालं. किडनी गेली का?

हे सगळ्यात घाबरवणारं, आणि कित्येकदा वेगळंच कारण असलेलं प्रकरण आहे. क्रिएटिनिन बहुतेक गाळलं जातं, पण थोडा भाग मूत्रपिंडाच्या नळ्यांच्या पेशी ओसीटी-२ ने आत घेतात आणि मेटने लघवीत सोडतात. कोट्रायमॉक्साझोलमधलं ट्रायमेथोप्रिम, जुनं सिमेटिडिन आणि एचआयव्हीवरचं डोल्युटेग्राव्हिर हे रस्ते अडवतात. गाळणी तशीच चालू असते, फक्त बाजूची मोरी तुंबते. त्यामुळे रक्तातला आकडा सुरुवातीला थोडा चढतो आणि तिथेच थांबतो.

पण हे घरी ठरवायचं नाही. ट्रायमेथोप्रिमने पोटॅशियमही वाढू शकतं, आणि ते हृदयाला धोक्याचं असतं. आकडा चढतच राहिला, लघवी कमी झाली, पायाला सूज आली, तर कारण खरोखर मूत्रपिंडात असू शकतं. डॉक्टरांना दोन गोष्टी नेऊन दाखवा. कुठली गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली त्याची यादी, आणि त्याआधीचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट. शंका उरलीच तर ते सिस्टॅटिन-सी सांगतील. ते या ट्रान्सपोर्टरच्या वाटेने जात नाही, म्हणून गाळणीची खरी अवस्था त्यातून कळते.